गणंग

सजीव कोणतें आणि निर्जीव कोणतें हें ओळखण्यास मनुष्याला फारसें शिक्षण लागतें असें आम्हांस कधीं वाटलें नव्हतें. दगड तो दगड आणि मांजर तें मांजर. या दोहोंत घोटाळा करणारा मनुष्य निदान आमच्या तरी पाहण्यांत नाहीं. परंतु २०२४ सालच्या दिवाळींत आमच्या अलिबागेकडील जुन्या घराच्या माळ्यावरून एक गाडगें खालीं आलें, आणि त्यानंतर चार दिवस घरांत जो खल झाला, त्यानें आमची ही समजूत बरीचशी खिळखिळी केली. वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं अद्याप माळा आहे आणि माळ्यावर वडीलधाऱ्यांनीं ठेवलेलें कांहीं आहे, त्यांना तरी ही हकीकत अगदींच निरुपयोगी वाटणार नाहीं अशी आशा आहे.

घर विकावयाचें ठरलें होतें. मुलें पांगलेलीं, कौलें चाळावयास माणूस मिळेना, आणि बंद घर कोंकणांतल्या पावसांत किती वर्षें उभें राहतें हें कोंकणच्या मनुष्यास सांगावयास नको. सामानाची वाटणी करण्यासाठीं आमचे वडील बंधु दादा, वहिनी आणि आम्ही असे जमलों होतों. बरोबर आमचा दहा वर्षांचा नातू होता. तांब्यापितळेचीं भांडीं निघालीं, वडिलांचें कित्येक वर्षें बंद पडलेलें लंबकाचें घड्याळ निघालें, आणि सर्वांच्या शेवटीं तें गाडगें निघालें. त्याच्या तोंडावर जुन्या लुगड्याचें फडकें ताणून बसविलेलें होतें आणि वरून सुतळीची गाठ होती. आमची आई २०११ च्या वैशाखांत गेली. ती गाठ तिच्या हातची होती, हें आम्हां दोघांही भावांना सांगावें लागलें नाहीं. वहिनींनीं गाडगें हातांत घेऊन वजनावरून सांगितलें, "राखेतले वाल आहेत. सासूबाई दर वर्षी बियाणं असंच ठेवायच्या."

दादांनीं तें त्यांच्या हातून काढून घेतलें. "ही गाठ कोणी सोडायची नाही," ते म्हणाले. "आईच्या हातची एवढी एकच गोष्ट जशीच्या तशी राहिली आहे. मी हे ठाण्याला नेऊन कपाटात ठेवणार."

"पण आजोबा, आतले वाल जिवंत असतील तर?" नातू म्हणाला.

"तेरा वर्षं अन्नपाण्यावाचून कोण जिवंत राहतं रे?"

येथें आमच्या नातवाची मोठी पंचाईत झाली. शाळेंत त्यानें सजीवांचीं लक्षणें पाठ केलेलीं होतीं. तीं त्यानें तेथल्या तेथें धडाधड म्हणून दाखविलीं. सजीव हालचाल करतात, श्वसन करतात, अन्न घेतात, वाढतात, उत्सर्जन करतात, चेतनेला प्रतिसाद देतात, प्रजनन करतात. म्हणून झाल्यावर त्याच्याच ध्यानांत आलें कीं, गाडग्यांतला वाल यांतलें एकही काम करतांना दिसत नाहीं. पाठ्यपुस्तक दादांच्या बाजूस गेलें होतें. मुलाचें तोंड इतकें उतरलें कीं, त्याची बाजू घेणें आम्हांस भागच पडलें.

पुस्तकांतील हीं लक्षणें खोटीं नाहींत. परंतु तीं विश्वासाचीं नाहींत. आमच्या ओट्यावर त्या संध्याकाळीं पणत्या लावलेल्या होत्या. पणतीची ज्योत तेल खाते, हवा ओढून घेते, काजळी टाकते, वारा आला कीं अंग चोरते, एका पणतीवरून दुसरी लावली म्हणजे तिची संततिही वाढते, आणि वाटी पालथी घातली तर गुदमरून मरते. सात लक्षणांपैकीं एकही तिला चुकलेलें नाहीं. उलट खेचर बिचारें जन्मभर ओझीं वाहील, पण त्याला संतति होत नाहीं. तेवढ्यासाठीं त्याला कोणी निर्जीव म्हणत नाहीं. तुरटीच्या पाण्यांत खडा टांगून ठेवला तर तो दिवसेंदिवस वाढतो. जगदीशचंद्र बोस यांनीं तर १९०२ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत असें दाखविलें कीं, कथलासारखा धातूही वारंवार आघात केला असतां थकल्यासारखा वागतो आणि विषानें मंद होतो. आमच्या पिढीस शाळेंत एवढेंच सांगण्यांत आलें कीं, बोसांनीं झाडांना जीव असतो हें सिद्ध केलें. तें सिद्ध होण्याची वाट आपल्याकडील कोणत्याही माळ्यानें पाहिली असेल असें वाटत नाहीं. सजीव आणि निर्जीव यांच्यामधील कुंपण आपण समजतों तितकें घट्ट आहे काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता, आणि तो प्रश्न मात्र आमच्या कानांवर कोणी घातला नाहीं.

ज्योतीचें आणि वालाचें एका बाबतींत मात्र जमत नाहीं. काडीपेटींतून हवी तेव्हां नवी ज्योत निघते. तिला आई लागत नाहीं. वालाच्या दाण्याला आई लागते. फ्रान्सांत लुई पाश्चर यानें १८६० च्या सुमारास हंसाच्या मानेसारख्या वांकड्या नळीच्या चंबूंत रस उकळून ठेवले आणि असें दाखविलें कीं, बाहेरून जंतु आंत न शिरले तर त्या रसांत आपोआप कांहीं उपजत नाहीं. पृथ्वीवर अगदीं प्रथम जीव कसा उत्पन्न झाला हा विषय निराळा. त्याला साडेतीन अब्ज वर्षांहून अधिक काळ लोटला. तेव्हांपासून आजपर्यंत जें जें जिवंत आहे तें जिवंतापासूनच आलेलें आहे, मध्यें एकदांही खंड न पडतां. मिठाचा खडा पाण्यांत विरघळला तर तेंच पाणी आटवून पुन्हां खडा करतां येतो. वालाची ही परंपरा एकदां तुटली म्हणजे मात्र ती सांधणारा कारागीर अजून जन्मास आलेला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं या विचारास एक फाटा फुटला. पुतण्यानें वडिलांचें घड्याळ अलिबागेस नेलें आणि घड्याळजीकडून कमान बदलून दुपारीं परत आणलें. भिंतीवर टांगतांच लंबक चालूं लागला आणि चारांचे ठोके पडले. दादा बराच वेळ त्याच्याकडे पाहत उभे राहिले. मग नातवाकडे वळून म्हणाले, "हेसुद्धा वीस वर्षं मेलेलं होतं. आता सांग, हे सजीव की निर्जीव?" मुलाला उत्तर सुचलें नाहीं. आम्हांलाही लगेच सुचलें नाहीं हें कबूल केलें पाहिजे. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर सुचलें तें असें: घड्याळ बंद असतां त्याची कांहीं हानि होत नव्हती. आणखी शंभर वर्षांनीं एखाद्यानें गंज काढला, दांते बदलले, तरी तें चालेल, कारण त्याची दुरुस्ती नेहमींच दुसऱ्याच्या हातीं. वालाच्या दाण्याची दुरुस्ती त्याच्या स्वतःच्या पोटांत असते. माळ्यावर पडल्या पडल्या तो कणाकणानें झिजत असतो, आणि ही झीज कांहीं मर्यादेपर्यंतच, तीही पाणी मिळाल्यावर, त्याची त्यालाच भरून काढतां येते. म्हणजे कपाटांत घड्याळ ठेवणें आणि कपाटांत बियाणें ठेवणें हीं एकसारखीं कामें नव्हत. दादा जें गाडगें जपून ठेवूं पाहत होते, तें जपतां जपतांच संपणारें होतें.

बियाणें किती वर्षें टिकतें याचा शोध घेणारे चिकाटीचे लोक जगांत आहेत. अमेरिकेंत मिशिगन येथें विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८७९ सालीं वाळूंत मिसळलेलें निरनिराळें बीं वीस बाटल्यांत भरून जमिनींत पुरलें, आणि कांहीं वर्षांच्या अंतरानें एकेक बाटली उकरण्याची व्यवस्था लावून दिली. बील केव्हांच वारले. पुढच्या पिढ्या रात्रीच्या अंधारांत, उजेड लागूं न देतां, तें काम करीत आल्या आहेत. २०२१ सालीं काढलेल्या बाटलींतील कांहीं बिया १४२ वर्षांनंतरही रुजल्या. चीनच्या ईशान्य भागांतील एका कोरड्या पडलेल्या सरोवराच्या गाळांत सुमारें १३०० वर्षांपूर्वींचें कमळाचें बीं सांपडलें, तेंही रुजलें. मात्र त्याचें टणक कवच आधीं घासावें लागलें. पिरॅमिडांतील गहूं उगवल्याच्या ज्या गोष्टी आपण लहानपणीं वाचल्या त्या मात्र खोट्या होत. अशा निश्चल स्थितीला केलिन या शास्त्रज्ञानें १९५९ सालीं 'गुप्त जीवन' या अर्थाचें नांव दिलें. नांव चांगलें आहे. परंतु एखाद्या दाण्यांत तें जीवन गुप्त आहे कीं लुप्त आहे, हें दाण्याकडे बघून सांगतां येत नाहीं. रसायनानें परीक्षा करतां येते. जिवंत भाग लाल होतो, मेलेला रंगहीन राहतो. पण त्यासाठीं बहुधा दाणा चिरावा लागतो. आमच्या पुतणसुनेनें हा उपाय सुचवितांच दादा आणि नातू प्रथमच एका बाजूस झाले.

शेवटीं निकाल दिला तो वहिनींनीं. त्या दादांना इतकेंच म्हणाल्या, "नुसतं ठेवायचं असतं तर सासूबाईंनी राख कशाला घातली असती? पेरायचं होतं म्हणूनच घातली ना?" दादा कांहीं बोलले नाहींत. थोड्या वेळानें त्यांनीं गाडगें पुढें सरकविलें. सुतळी कापावयाची नाहीं एवढी एकच अट त्यांनीं घातली. ती गाठ सोडविण्यास वहिनींना अर्धा तास लागला.

राख चाळून ८३ दाणे निघाले. अकरा भुंग्यानें पोखरलेले होते. उरलेले ७२ रात्रीं पाण्यांत घातले. सकाळीं नातवाची आरोळी ऐकून आम्ही स्वयंपाकघरांत गेलों, तों पातेल्यांत वाल टचटचीत फुगलेले! आम्हांलाही क्षणभर भरून आलें. वहिनी तेवढ्या गप्प होत्या. त्यांनीं ओंजळभर पाणी नाकाशीं नेलें आणि ओतून दिलें.

फुगणें ही जीवाची खूण नव्हे, हें आम्ही साठ वर्षें बिरडें खाऊनही शिकलों नव्हतों. पावसाळ्यांत दार फुगतें तसाच मेलेला वालही फुगतो. पहिल्या रात्रीं जिवंत आणि मृत दाणा अगदीं सारखे दिसतात. भेद असतो तो पाण्यांत. जिवंत दाण्याच्या पेशींचीं आवरणें पाणी आंत येतांच आपापलीं छिद्रें सांधून घेतात आणि आंतील साखर व क्षार आंतच धरून ठेवतात. मेलेल्या दाण्याला आपलें तें आपल्यापाशीं ठेवतां येत नाहीं. तें सर्व पाझरून पाण्यांत येतें, पाणी गढूळ होतें आणि त्याला वास सुटतो. त्या दिवशीं पाणी तीनदां बदललें. तिसऱ्या सकाळीं फुगलेल्या ६३ दाण्यांपैकीं एकालाही मोड नव्हता, आणि ते बुळबुळीत झाले होते. वहिनींनीं ते माडाच्या बुंध्याशीं टाकले. नातू ओट्यावर पाठ करून बसला. दादा घड्याळाला किल्ली देत होते, ती त्यांनीं दोनदां दिली.

राहिले नऊ. हे नऊ दाणे मुळीं फुगलेच नव्हते. पातेल्याच्या तळाशीं खड्यांसारखे वाजत होते. वाल सोलणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे ठाऊक आहेत. यांना गणंग म्हणतात. ते भिजत नाहींत, शिजत नाहींत, आणि चुकून आमटींत गेले तर यजमानाचा दांत हलवितात. नातू ते फेंकावयास निघाला असतां वहिनींनीं त्याचा हात धरला. "गणंग आहेत, म्हणजे आत पाणी शिरलेलं नाही," त्या म्हणाल्या. देवघरांतली सहाण आणून त्यांनीं एकेक दाणा कडेला किंचित् घांसला आणि पुन्हां भिजत घातला.

आम्हांला वाटतें, आईच्या राखेपेक्षांही त्या टणक सालीनें येथें अधिक काम केलें. चौदा पावसाळ्यांचा दमटपणा इतर दाण्यांत दर वर्षीं थोडथोडा शिरला असला पाहिजे; या नऊंनीं त्याला दाराबाहेर ठेवलें. स्वयंपाकघरानें ज्यांना जन्मभर शिव्या दिल्या तेच तेवढे टिकले. तिसऱ्या दिवशीं चार दाण्यांना मोड आले. मोड कसला, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. पण दादांनीं चष्मा लावून तो पाहिला, काढून पुसला आणि पुन्हां लावून पाहिला.

भातकापणी झालेली होती. शेजारच्या कुटुंबाच्या खांचरांत, जमिनीच्या उरल्या ओलीवर, त्यांच्याच वालांच्या कडेला ते चार दाणे खुणेची काठी रोवून लावले. दोन उगवले. जानेवारींत घराचा ताबा देण्यास दादा गेले, तेव्हां खांचरावर जाऊन ते दोन रोपें पाहून आले. शेजाऱ्यांनीं पोपटी लावली होती. तिच्या मडक्यांत या दोन रोपांच्या शेंगा जाऊं नयेत म्हणून दादा भांबुर्डा निवडीपर्यंत तेथेंच बसून होते, असें आमच्या कानांवर आलें आहे.

फाल्गुनांत वाळलेल्या शेंगा आल्या. सोलल्यावर लहानशी वाटी भरेल इतके वाल निघाले. त्याच रात्रीं दादांचा आम्हांला फोन आला. गाडगें तेंच धुऊन वाळविलें होतें. सुतळी घड्याळाच्या पेटींत जपून ठेवलेली होती, तीही काढली होती. अडचण निराळीच होती. ठाण्याच्या घरांत, शेजारांत, साऱ्या इमारतींत, चूल कोणाचीच नव्हती. "अरे," ते विचारीत होते, "पुण्यात कुठं लाकडाची राख मिळेल का?"