निरंक

प्रिय अंतर्गत तक्रार समिती,

माहितीच्या अधिकारात विचारलेल्या माझ्या प्रश्नांना तुझ्याकडून आलेली उत्तरे समोर पसरून बसले आहे. वेगवेगळ्या विद्यापीठांची आणि महाविद्यालयांची ही उत्तरे. कुठे कुलसचिवांचा शिक्का आहे, कुठे प्राचार्यांचा. पण रकान्यातला शब्द बहुतेक ठिकाणी एकच आहे : निरंक. तीन वर्षांत आलेल्या तक्रारी, निरंक. निकाली काढलेल्या, निरंक. प्रलंबित, निरंक. जिथे इतक्या मुली शिकतात, वसतिगृहात राहतात, रात्री उशिरापर्यंत प्रयोगशाळेत थांबतात, तिथे तीन वर्षांत कुणालाच काही झाले नाही, असे हा शब्द सांगतो. लैंगिक छळाविरुद्धचे नियम विद्यापीठे प्रत्यक्षात कसे राबवतात, हा माझ्या अभ्यासाचा विषय. त्यात मला सर्वांत जास्त छळले ते या तीन अक्षरांनी.

तुला ‘तू’ म्हणते आहे, कारण तुझा जन्म मला आठवतो. 13 ऑगस्ट 1997. मी तेव्हा बी.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. राजस्थानातल्या भटेरी गावची भंवरीदेवी ही सरकारी महिला विकास कार्यक्रमातली साथीन, म्हणजे कार्यकर्ती. बालविवाह थांबवायला गेली म्हणून 1992 मध्ये तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला आणि खालच्या न्यायालयात आरोपी बलात्काराच्या गुन्ह्यातून सुटले. त्यानंतर ‘विशाखा’ आणि इतर संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि त्या निकालातून तू आलीस. पण आलीस ती कागदावर. अंमलबजावणी होत नाही, हे न्यायालयाला पत्राने कळवले ते पुण्याच्या ‘आलोचना’ संस्थेच्या मेधा कोतवाल लेले यांनी. त्या पत्राचीच याचिका झाली. 2004 मध्ये न्यायालयाने सांगितले, की तुझा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानायचा. म्हणजे एकदा तुझ्यापुढे सगळे सांगितलेल्या बाईला खात्याच्या दुसऱ्या चौकशीत तेच पुन्हा सांगावे लागू नये. तुझ्या अंगात जे बळ आहे, त्यातले बरेचसे या पत्रातून आले. पुढे 2013 चा कायदा झाला, 2016 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे विनियम अधिसूचित झाले. कागदावर तुझ्याइतकी नीट बांधलेली समिती विद्यापीठात दुसरी नसेल.

प्रत्यक्षात तू मला भेटलीस ती जिन्याखालच्या फलकावर. त्यावरच्या अध्यक्ष बाई दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या होत्या आणि दूरध्वनी क्रमांक कार्यालयाचा होता, जिथे फोन उचलणारा शिपाई ‘कशासंदर्भात?’ असे विचारतो. दुसऱ्या एका ठिकाणी फलक कोरा करकरीत होता, कारण पुढच्या महिन्यात मूल्यांकनासाठी नॅकची भेट होती. लैंगिक छळाच्या तक्रारींचे वेळेत निवारण होते का, हे नॅक विचारते. तेव्हा तुझी नस्ती तयार असते, बैठकांची इतिवृत्ते असतात, वक्त्याचा सत्कार करतानाचे फोटो असतात. विद्यार्थ्यांशी संबंधित प्रकरणात तुझ्यात तीन विद्यार्थी प्रतिनिधी हवेत आणि ते निवडून आलेले हवेत, असे विनियम सांगतात. यादीतल्या अशा एका प्रतिनिधीला मी शोधून काढले. आपण समितीवर आहोत हे त्या मुलीला माझ्याकडूनच कळले. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांनी तुझ्यात बसायचे नाही, असेही नियमात स्पष्ट लिहिले आहे. तरीही एका यादीत विभागप्रमुख होत्या. त्या मनाने चांगल्या असतीलही. पण त्यांच्याच विभागातल्या सहकाऱ्याविरुद्ध कुणी मुलगी त्यांच्यासमोर येऊन बसेल का?

आता एका संशोधक विद्यार्थिनीबद्दल सांगते. नाव, विषय, शहर, काही सांगणार नाही. तिचा गाईड तिला रविवारी, विभाग रिकामा असताना बोलवायचा. दर सहा महिन्यांनी प्रगती अहवालावर त्याची सही लागायची, तेव्हाच शिष्यवृत्ती पुढे चालू राहायची. घरी पैसे ती पाठवत होती. तिने ठरवले, एवढी एक सही होऊ दे, मग तक्रार करू. सही झाली. मग ती तुझ्या दाराशी आली, तेव्हा शेवटच्या घटनेला चार महिने होऊन गेले होते. तुझ्या सदस्यांनी तिला तीन महिन्यांची मुदत दाखवली. लेखी कारण नोंदवून ही मुदत आणखी तीन महिने वाढवण्याचा अधिकार तुलाच आहे, हे तिला कुणी सांगितले नाही. तिचा अर्ज आवक नोंदवहीत चढलाच नाही. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात तू लिहिलेस, निरंक. तेव्हापासून मी हा शब्द कोरा म्हणून वाचू शकत नाही.

मुदत किती कडक लागू होते, हे सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयातही दिसले. कोलकात्याच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातल्या एका प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची तक्रार न्यायालयाने मुदतबाह्य ठरवली, आणि त्याच निकालात असेही सांगितले, की हा निकाल कुलगुरूंच्या परिचयपत्राचा भाग असावा. विधी विद्यापीठात शिकवणाऱ्या बाईचा अर्ज जिथे मुदतीत अडकतो, तिथे बावीस वर्षांच्या मुलीने दिवस कसे मोजायचे?

म्हणून काय तू घाई करावीस? नाही, आणि इथे मला गोव्याबद्दल बोलायचे आहे. 2009 च्या मार्चमध्ये गोवा विद्यापीठातल्या विद्यार्थिनींनी एका विभागप्रमुखाविरुद्ध तक्रार केली. तू फलकावर निजून राहिली नाहीस, कामाला लागलीस. थोडक्या दिवसांत 18 बैठका घेतल्यास, त्यातल्या अनेक एकापाठोपाठ एक. अहवाल दिलास, जानेवारी 2010 मध्ये ते बडतर्फ झाले, मुंबई उच्च न्यायालयानेही 2012 मध्ये ती बडतर्फी कायम ठेवली. मग 12 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळे रद्द केले. उत्तर द्यायला, बचाव मांडायला त्यांना पुरेसा वेळ मिळाला नव्हता. चौकशी त्या टप्प्यापासून पुन्हा करा, असा आदेश झाला. हा निकाल मी अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी त्या तक्रारदारांपाशी थांबते. विशीत असताना त्यांनी धीर केला होता. चौदा वर्षांनी त्यांना निरोप गेला, की आता पुन्हा चौकशी. त्यांच्या बाजूने असलेल्या समितीच्या लगबगीनेच त्यांचे नुकसान झाले. प्रतिवादीला तक्रारीची प्रत सात दिवसांत द्यायची, उत्तराला दहा दिवस द्यायचे, चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, हे आकडे आज विनियमात आहेत. ते फक्त आरोपीच्या सोयीसाठी नाहीत. तक्रारदाराच्या हातातला निकाल उद्या कुणी काढून घेऊ नये म्हणून ते आहेत. हे तुझ्या सदस्यांना कुणी शिकवतच नाही. त्या वनस्पतिशास्त्र शिकवतात, लेखा विभाग सांभाळतात, आणि एका सकाळी नेमणुकीचे पत्र हातात पडते.

मी काही विचारायला गेले, की तू 2013 च्या कायद्यातले गोपनीयतेचे कलम 16 पुढे करतेस. नावे, पत्ते, जबाब बाहेर जाता कामा नयेत, हे मला तुझ्याइतकेच मान्य आहे. एका मुलीचे नाव चहाच्या टपरीपर्यंत पोचल्यावर तिचे काय झाले, ते मी पाहिले आहे. पण त्याच कलमाचे परंतुक वाच. पीडितेची ओळख उघड न करता, तिला मिळालेल्या न्यायाची माहिती देण्याची मुभा त्यात आहे. ती तू कधी वापरली आहेस? दिल्लीच्या जेएनयूमध्ये 1999 पासून ‘जीएसकॅश’ नावाची, निवडून आलेल्या प्रतिनिधींची समिती होती. तिच्यासाठी निवडणूक व्हायची, म्हणून दर वर्षी या विषयावर उघड चर्चा व्हायची आणि मुलींना आपले प्रतिनिधी चेहऱ्याने ठाऊक असायचे. 2017 मध्ये ती बरखास्त करून तिच्या जागी तुला आणले. कायद्याचे पालन म्हणून तुला आणले, हे मला माहीत आहे. त्या बदलात विद्यार्थ्यांच्या हातून काय गेले, हे तुला माहीत असायला हवे.

मोठी संख्या दिसली की संस्थेची बदनामी होईल, अशी भीती तुझ्या वरच्यांना वाटते, हे मला मुलाखतींमध्ये अनेकांनी दबक्या आवाजात सांगितले. मी उलटे म्हणते. जिथे पाच तक्रारी नोंदल्या गेल्या, तिथे निदान पाच जणींना तुझे दार सापडले. माझी मुलगी पुढच्या वर्षी महाविद्यालयात जाईल. पाच लिहिलेले महाविद्यालय तिच्यासाठी मी आनंदाने निवडेन.

या महिन्यात मी पुन्हा अर्ज टाकते आहे. या वेळी तक्रारी किती, हा प्रश्न शेवटी ठेवला आहे. आधी विचारते : दारापर्यंत येऊन परत गेलेल्यांची नोंद तू ठेवतेस का? मुदतवाढ किती वेळा दिलीस? विद्यार्थी प्रतिनिधींची निवडणूक कोणत्या तारखेला झाली? फलकावरचा क्रमांक शेवटचा कुणी लावून पाहिला? उत्तराला तुझ्याकडे तीस दिवस आहेत.

तुझी,
एक संशोधक