सोडलेला मासा

माझे बालपण कोकणात, खाडीच्या काठी गेले. गळ टाकून तासन् तास बसण्याचा छंद मला तेव्हापासूनचा. काही वर्षांपूर्वी शरद ऋतूत मी मुलाकडे अमेरिकेतील ऑरेगन राज्यात गेलो होतो. तेव्हा माझी हौस ओळखून त्याने मला व माझ्या बारा वर्षांच्या नातवाला विल्सन नदीवर सॅमन मासे धरण्यास पाठविले.

ही नदी टिलामुकच्या अरण्यातून वाहत येऊन समुद्राला मिळते. आम्ही पोहोचलो तेव्हा पाण्यावर धुके होते आणि काठावरच्या मेपल वृक्षांची पाने पिवळी झाली होती. आमचा वाटाड्या तोच आमचा नावाडी. प्रवाहाच्या दिशेला तोंड करून तो बसे, उलटी वल्ही मारून नावेचा वेग आवरी आणि गळ कोठे टाकायचा ते बोटाने दाखवी. "भर प्रवाहात नको, त्याच्या कडेला टाका. दमलेला मासा तेथे विसावतो," तो म्हणाला.

मग त्याने सॅमनची कहाणी सांगितली. हा मासा नदीच्या तळच्या गोट्यांत जन्मतो, लहानपणीच समुद्रात जातो आणि मोठा झाल्यावर जन्मस्थानाच्या पाण्याचा वास ओळखून परत येतो. नदीत शिरल्यावर तो अन्न घेत नाही. येथील सॅमन अंडी घालून झाली की मरतात. त्यांच्या देहांवर किडे, पाखरे, काठची झाडेसुद्धा पोसली जातात.

"खात नाही, मग गळाला का लागतो?" नातवाने विचारले.

"जुनी सवय असेल, नाहीतर राग!" नावाडी हसला.

इतक्यात माझी काठी वाकली. दहा मिनिटांच्या झटापटीनंतर चांदीसारखा लखलखणारा एक कोहो सॅमन नावेजवळ आला. "आजोबा, केवढा मोठा!" नातू ओरडला. नावाड्याने तो जाळ्यात घेतला. पण पाण्याबाहेर काढला नाही. त्याच्या पाठीवरून बोट फिरवून तो म्हणाला, "हा सोडावा लागेल."

मत्स्यपैदास केंद्रातील पिलांचा शेपटीजवळचा पाठीवरचा इवलासा पर कापून मग त्यांना नदीत सोडतात. या माशाचा तो पर शाबूत होता. म्हणजे तो नदीतच जन्मलेला होता आणि त्या दिवशीच्या नियमाप्रमाणे असा कोहो ठेवण्यास मनाई होती.

माझ्या तोंडून निघून गेले, "एवढा एकच! येथे पाहायला कोण आहे?"

नातू माझ्याकडे पाहू लागला. नावाडी रागावला नाही. त्याने समोरच्या हिरव्यागार डोंगराकडे बोट केले. "1933 ते 1951 या काळात येथे चार वेळा मोठे वणवे लागले. हे डोंगर काळे पडले होते. पुढे लोकांनी वर्षानुवर्षे रोपे लावली. त्यांत शाळेतली मुलेही होती. माझी आई त्यांतलीच एक. त्या झाडांच्या सावलीने आज पाणी थंड राहते. सॅमनला थंड पाणीच लागते."

मी खाली मान घातली. 'पर्यवेक्षकाने पाठ फिरवली, तरी शेजाऱ्याच्या उत्तरपत्रिकेत डोकावू नका,' असे मी वर्गावर्गांतून तीस वर्षे सांगत आलो होतो. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवणारे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्राला विश्रांती देणारे आमचे कोळीबांधवही मला आठवले. जे मी लहानपणी पाहिले आणि मोठेपणी शिकविले, ते एका माशाच्या मोहाने क्षणात विसरलो होतो!

मी हात पाण्यात घालून माशाला हलकेच आधार दिला. त्याचे तोंड प्रवाहाकडे होते. कल्ले संथपणे हलू लागले. मग शेपटीचा एक फटकारा बसला, माझे तोंड भिजले आणि मासा दिसेनासा झाला.

संध्याकाळी सूनबाईंनी विचारले, "हे काय, रिकाम्या हातांनी आलात?"

मी उत्तर देण्यापूर्वीच नातू म्हणाला, "आजोबांनी आज एका माशाला त्याच्या घरी जाऊ दिले."