सिस्टरआत्याची सुट्टी

आमच्या वसईकडे घरातली मुलगी मठात गेली की तिचे घरचे नाव हळूहळू मागे पडते आणि ती साऱ्या गावाची 'सिस्टर' होते. माझी आत्याही अशीच आमची 'सिस्टरआत्या' झाली. दूरच्या एका मिशनच्या दवाखान्यात ती गेली बावीस वर्षे परिचारिका आहे. वर्षातून एकदा ती घरी येते. मग शेजारपाजारच्या बायका आपापली दुखणी घेऊन ओट्यावर बसतात आणि आत्या सगळ्यांचे ऐकून घेते.

गेल्या मे महिन्यात मात्र ती आली ती गप्पगप्पच. बायका आल्या की ती मागल्या दाराने वाडीत जाई आणि बावखलाच्या काठी बसून राही. "देवाच्या कामात कसला गं थकवा?" आजी म्हणाली. मीही हसलो.

एका संध्याकाळी मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. पाण्याकडे बघत ती म्हणाली, "बाळा, पूर्वी मला पेशंटचे चेहरे आठवायचे. आता नुसते खाटांचे नंबर आठवतात. प्रार्थनेला बसले तरी नंबरच."

मी चपापलो. हे तर मी पुस्तकात वाचले होते! सेवाभावी दवाखान्यात राबणारी माणसेच कशी आतून विझत जातात, हे न्यूयॉर्कमध्ये पाहून हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली 'बर्नआउट'वर लेख लिहिला. पुढे ख्रिस्तिना मॅस्लॅक यांनी त्याची तीन अंगे सांगितली: मन आटून जाणे, माणसे वस्तूंसारखी वाटू लागणे आणि आपल्या हातून काहीच होत नाही असे वाटणे. परीक्षेत ही तिन्ही मी बिनचूक लिहिली होती. पण तीच तिन्ही पांढऱ्या साडीत घरी आली, तेव्हा मला ओळखता आली नाहीत!

मग मी अधिक वाचू लागलो. ब्रिटनचे लेस्ली फ्रान्सिस आणि इटलीचे जुझेप्पे क्रेआ यांनी कॅथॉलिक धर्मगुरूंचा व धर्मभगिनींचा याच अंगाने अभ्यास केला आहे. त्यात स्वभावाचा वाटा मोठा दिसतो. मनाला लावून घेणारा, काळजी करणारा माणूस लवकर थकतो. चारचौघांत रमणारा त्या मानाने तग धरतो. फ्रान्सिस थकवा आणि समाधान यांची मोजदाद वेगवेगळी करतात. थकलेल्या माणसालाही कामात समाधान असू शकते, आणि तेच त्याला सावरते. म्हणजे थकवा ही श्रद्धेची उणीव नव्हे. आत्या लहानपणापासून अबोल, दुसऱ्याचे दुःख उराशी धरून बसणारी. ज्या स्वभावाने तिला मठात नेले, त्याच स्वभावाने तिला थकवले असेल काय?

हे सारे मी आजीला माझ्या परीने सांगितले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ओट्यावर बायका जमल्या तेव्हा तिने त्यांना परत पाठवले. "आज ती निजलीय," एवढेच म्हणाली.

जाण्यापूर्वी आत्याने मदर सुपीरियरना पत्र लिहून तीन महिन्यांची विश्रांती मागितली. ते एक पानी पत्र लिहायला तिला चार दिवस लागले. दुसऱ्यासाठी मागायची सवय; स्वतःसाठी मागताना हात अडखळत होता.

ती निघाली तेव्हा आजीने तिला 'सिस्टर' म्हटले नाही. डोक्यावरून हात फिरवून म्हणाली, "बाय, जेवत जा गं वेळेवर."

आणि आत्या कितीतरी दिवसांनी हसली.