पायथनचे तीन बाण

टर्मिनलवर पायथन सुरू केलं की तीन बाण उमटतात. मग मी काहीबाही विचारत बसतो. फाइल नाही, तिला नाव सुचवायचा जाच नाही. आज ०.१ + ०.२ लिहिलं, उत्तर ०.३०००००००००००००००४! संगणक द्विमान पद्धतीत मोजतो, तिथे ०.१ नेमका मावतच नाही. कारण माहीत असूनही दरवेळी गंमत वाटते. नुसती अधोरेषा टंकली की मागचं उत्तर परत हजर. ही सोय फार जणांना ठाऊक नसते. पूर्वी नुसतं एक्झिट लिहिलं तर पायथन बाहेर न पडता 'कंस लावा' म्हणून शिकवायचा. कळतं तर जा की बाबा! २०२४च्या ३.१३ आवृत्तीत हा आडमुठेपणा एकदाचा संपला. नवशिक्यांनो, पुस्तक नंतर उघडा, आधी इथे चार ओळी खरडून बघा.