गासच्या रस्त्यावरची करकर
(चाचणी-प्रवासाची दैनंदिनी : भाग 3)

सोमवार, कसारा घाट
पहाटे धुळे सोडलं. गाडी अजून बाजारात आलेली नाही, म्हणून अंगभर काळ्या-पांढऱ्या नक्षीची फिल्म आणि नाव लिहायला मनाई. मागच्या सीटवर माणसांच्या वजनाच्या वाळूच्या पिशव्या, ब्रेक डिस्कपाशी थर्मोकपलच्या वायरी. गेल्या खेपेला याच उतारावर ब्रेक तापून पेडल थरथरलं होतं. म्हणून पुढच्या बंपरातून डिस्ककडे हवेची वाट काढलीय. आज सगळा घाट उतरलो, पेडल शांत. नोंद केली आणि भिवंडीमार्गे घरची वाट धरली.

मंगळवार, गास
रात्रभर पाऊस. सनसिटीहून आमच्या गासला येणारा रस्ता खाजणातून जातो. पाऊस जोरात लागला की पाण्याखाली. चाचणीत हा रस्ता घ्या, असा हट्ट मीच धरला होता. पाणी घोट्याएवढं झाल्यावर गाडी घातली. दाराची रबरं टिकली, आत थेंब नाही. पण पाणी ओसरल्यावर पहिल्याच गतिरोधकावर मागून कर्र्र असा आवाज आला.

पिथमपूरला नॅट्रॅक्स या वाहनचाचणी केंद्राच्या 11.3 किलोमीटरच्या ट्रॅकवर याच गाडीत कुजबुजही स्पष्ट ऐकू येत होती. साध्या गाडीत ही करकर इंजिनाच्या आवाजात बुडून गेली असती. महागड्या गाडीत आपण इंजिन, वारा, टायर सगळे गप्प करतो आणि मग त्यांच्याखाली दबलेला प्रत्येक आवाज वर येतो. शांतता वाढवत नेली की काम वाढतच जातं.

काका ओट्यावर उभे होते. आयुष्यभर भाजीचा टेम्पो दादरला नेलेला माणूस. गाडी दोनदा पुढे-मागे करायला लावली आणि म्हणाले, "मागच्या अंगाला रबर कोरडं घासतंय रे. चिखल खाल्लाय त्याने." माझ्या माइकला एवढं नेमकं सांगता आलं नव्हतं.

बुधवार, वसई
ओळखीच्या गॅरेजात गाडी लिफ्टवर चढवली. काकांचं म्हणणं बरोबर निघालं. मागच्या स्टॅबिलायझर बारला धरणाऱ्या रबरी बुशमध्ये बारीक चिखल शिरलेला. गाडी वळताना बार पिळतो, गतिरोधकावर चाकांबरोबर फिरतो आणि रबरात सरकतो; मधे माती असली की करकरतो. धुतल्यावर आवाज गेला, पुन्हा पाण्यातून नेली तर परत आला. ग्रीस लावून गप्प करणं सोपं होतं, पण एका पावसाळ्यात ते धुऊन जाईल. गिऱ्हाइकाला असली मलमपट्टी विकायला माझं मन तयार नाही.

रात्री रोल्स-रॉईसची गोष्ट आठवत राहिली. त्यांची गाडी 1908 साली मुंबई-कोल्हापूर स्पर्धेत सहा घाटांसह 620 मैल धावली आणि जिंकली. पण 1912 मध्ये आल्प्सच्या स्पर्धेत, ऑस्ट्रियातल्या काट्शबर्ग घाटात, जेम्स रॅडली या स्पर्धकाची रोल्स-रॉईस चढावर अडली. तीन गिअर तिथे पुरले नाहीत. कंपनीने चार गिअरचा बॉक्स बसवला आणि 1913 मध्ये गाड्या त्याच स्पर्धेत परत उतरवून नाव कमावलं. जिथे अडलो तिथेच परत जायचं, हे मला त्यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं.

शुक्रवार, पुणे
रबर बारलाच कायमचं चिकटवलेला नवा नमुना हातात आला. आता बार रबरात सरकणार नाही, रबरच आतल्या आत पिळलं जाईल, म्हणजे चिखलाला शिरायला फटच नाही. मात्र असं रबर स्प्रिंगसारखं उलटा जोर लावतं, गाडी किंचित कडक होते. म्हणून शॉकअब्सॉर्बरची सेटिंग दिवसभर बदलत बसलो.

रविवार, गास
बोरघाट, घोडबंदर, वसईची खाडी ओलांडून दुपारी पोहोचलो. तोच रस्ता, तेवढंच पाणी, तोच गतिरोधक. बारा फेऱ्या मारल्या. करकर नाही. काकांनी मान हलवली आणि तरीही कान गाडीकडेच ठेवला. तेराव्या फेरीत मलाही ते ऐकू आलं : मागच्या सीटखाली इंधनाच्या पंपाची अगदी बारीक गुणगुण. इतके दिवस करकरीखाली दडली होती.

वहीत नवा आकडा घातला : दोष क्रमांक 48.

(क्रमशः)