पाकिटावरचं नाव

धारूरहून अण्णांचा फोन. ‘तुझा मेल आलाय. अपघात झाला, पैसे पाठवा म्हणून. बरा हायस ना?’

मी पुण्यात, ऑफिसात, मजेत कॉफी पीत! मेल मी पाठवलाच नव्हता. वर पत्ता मात्र माझाच.

ई-मेल म्हणजे पाकीटच, बॉस. ‘प्रेषक’ म्हणून कुणाचंही नाव टाका. १९८२ साली ठरलेल्या एसएमटीपीच्या नियमांत ओळख तपासायची सोयच नव्हती. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क हे पहारेकरी नंतर आले. तेही सगळ्याच दारांवर नाहीत.

‘पैसे काढून आणले होते रे. पण मेलमध्ये “प्रिय बाबा” लिहिलं होतं. तू मला बाबा कधी म्हणतोस? म्हणलं, आधी आवाज ऐकावा.’

महिनाभरात मी एकदाही फोन केला नव्हता. आता रोज रात्री करतो.