पाणी तपासून उरलेलं प्लास्टिक

पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा सरल्यावर आमच्या प्रयोगशाळेत पाणी नमुन्यांची रीघ लागते. गावातल्या प्रत्येक स्रोताची अणुजैविक तपासणी वर्षातून दोनदा आणि रासायनिक तपासणी एकदा व्हायला हवी. म्हणून विहीर, हातपंप, विंधन विहीर, नळयोजनेची टाकी, शाळेतला नळ या सगळ्यांच्या बाटल्या बर्फाच्या पेटीत बसून येतात. त्यांत काय आहे ते सांगणं हे माझं काम. पिण्याच्या पाण्याच्या 2012 च्या भारतीय मानकाप्रमाणे कुठल्याही 100 मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय अजिबात सापडता कामा नये. थोडे चालतील, अशी सूट तिथे नाही.

तेवढ्या 100 मिलिलिटरसाठी आम्ही किती प्लास्टिक टाकून देत होतो, ते एका पावसाळ्यात माझ्या डोळ्यांत भरलं. एकदाच वापरायची नमुन्याची बाटली, पेट्री डिश, डिशांची पिशवी, वेगवेगळ्या वेष्टनांतली पिपेट, गाळणकागदाचं पाकीट, हातमोजे. एका नमुन्याचं हे एवढं. त्यातल्या डिश पॉलिस्टायरीनच्या. त्यांत जंतू वाढवलेले असल्यामुळे त्या तशाच फेकता येत नाहीत, आधी ऑटोक्लेव्हमध्ये घालाव्या लागतात. 121 अंशांच्या वाफेत पॉलिस्टायरीन टिकत नाही. झाकण उघडलं की आत डिश नसत, एकमेकींत वितळून वाकडातिकडा झालेला, मध्येमध्ये गुलाबी माध्यम अडकलेला एक कडक गोळा असे. वितळलेल्या प्लास्टिकचा आणि शिजलेल्या अगरचा वास दुपारपर्यंत खोलीत राही. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या नेणाऱ्या भंगारवाल्याला मी एकदा तो गोळा दाखवला. त्याने हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि परत ठेवला.

इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये एक अंदाज मांडला होता. जगभरातल्या जीवशास्त्र, वैद्यक आणि कृषी संशोधन संस्थांमधून वर्षाला सुमारे 55 लाख टन प्लास्टिक कचरा निघत असावा, असा. तो हिशोब संशोधन संस्थांचा. आमच्यासारख्या रोजच्या तपासणीच्या जागा लहान असल्या तरी गावोगावचं पाणी शुद्ध राहावं म्हणून काम करणाऱ्यांनीच न कुजणारा कचरा मागे ठेवावा, हे मला पटेना.

हे प्लास्टिक आलं कुठून, याचा विचार करताना जे लक्षात आलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मी नोकरीला लागले तेव्हा सगळं काम काचेवर चाले. बहुनलिका पद्धतीत एका नमुन्याला 15 परीक्षानळ्या लागत आणि प्रत्येकीत करंगळीच्या दोन पेरांएवढी एक डरहॅम नळी उलटी सोडलेली असे. जंतूंनी वायू सोडला की त्या छोट्या नळीच्या टोकाशी बुडबुडा साठतो. काम झालं की सगळ्या नळ्या आधी निर्जंतुक करायच्या, मग साबणाच्या पाण्यात उकळायच्या, ब्रश फिरवायचा, डरहॅम नळ्या एकेक करून झटकायच्या, साध्या पाण्याने आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटरने विसळायच्या. हे सगळं आमच्या परिचर मावशी करत. त्या निवृत्त झाल्या, पद रिक्त राहिलं आणि पुढच्या मागणीपत्रात ‘डिस्पोजेबल’ हा शब्द आला. प्लास्टिक स्वच्छतेसाठी आलं असं आम्ही सांगत होतो. खरं तर ते धुणारं माणूस नव्हतं म्हणून आलं होतं.

त्यामुळे काचेकडे परत जायचं तर आधी माणूस मागायला हवा होता. वरिष्ठांकडे पाठवलेल्या टिपणीत मी पर्यावरणाबद्दल दोनच ओळी लिहिल्या. बाकी सगळा हिशोब मांडला. दरपत्रकात एका डिशची किंमत दिसते. तिची विल्हेवाट लावायला जाणारी वीज, वेळ आणि जागा दिसत नाही. काचेची डिश नीट सांभाळली तर वर्षानुवर्षं टिकते, हेही त्यात दिसत नाही. बरीच पत्रापत्री झाल्यावर कंत्राटी तत्त्वावर का होईना, एक मावशी मिळाल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं, “मॅडम, धुवायला माझी ना नाही. पण एवढं पाणी आणायचं कुठून?”

प्रश्न रास्त होता. आमचा मराठवाडा. एप्रिल-मेमध्ये प्रयोगशाळेची टाकीसुद्धा टँकरने भरते. काच धुवायला पाणी लागतं आणि तेच आमच्याकडे सगळ्यात कमी. उत्तर खोलीच्या कोपऱ्यातच मिळालं. डिस्टिल्ड वॉटर करणाऱ्या यंत्राला वाफ थंड करायला सतत पाण्याची धार लागते आणि ते कोमट, स्वच्छ पाणी थेट मोरीत जात होतं. त्याला नळी जोडून ते पिंपात घेतलं. आता पहिली दोन विसळणी त्या पाण्यात होतात.

बाटल्यांच्या बाबतीत मात्र काचेचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. नमुने मोटारसायकलच्या डिकीतून, कधी एसटीच्या टपावरून येतात. काच फुटली की नमुना गेला आणि त्या गावाची फेरी वाया गेली. म्हणून पॉलिप्रोपिलीनच्या जाड बाटल्या घेतल्या. हेही प्लास्टिकच, पण 121 अंशांना टिकणारं आणि पुन्हा पुन्हा वापरता येणारं. बाटली परत आली की धुवायची, क्लोरीनचा परिणाम थांबवण्यासाठी सोडियम थायोसल्फेटचं द्रावण घालायचं, निर्जंतुक करायची आणि त्याच ग्रामपंचायतीला पाठवायची. काचेच्या डिश आणि पिपेट स्टीलच्या डब्यात भरून 160 अंशांच्या कोरड्या भट्टीत दोन तास ठेवतो.

यात एक जागा अशी आहे की तिथे ढिलाई चालत नाही. धुतलेल्या काचेवर साबणाचा अंश राहिला तर तो जंतूंना वाढू देत नाही, आणि दूषित पाणी शुद्ध म्हणून अहवालात जाऊ शकतं. प्लास्टिक वाचवताना एखाद्या वाडीतल्या लेकराला जुलाब होणार असतील तर ती बचत मला नको. म्हणून धुतलेल्या प्रत्येक घाण्यातले काही नग बाजूला काढतो. काहींत निर्जंतुक माध्यम घालून ते स्वच्छच राहतं ना ते बघतो, काहींत माहीत असलेले जंतू सोडून ते नीट वाढतात ना ते बघतो. दोन्ही उत्तरं बरोबर आली तरच घाणा वापरात जातो. साथीच्या दिवसांत, एका गावातून अचानक गॅस्ट्रोचे रुग्ण येऊ लागले की, मी डिस्पोजेबल डिशचं पाकीट बिनदिक्कत फोडते. त्या दोन-चार दिवसांत उत्तर लवकर जाणं महत्त्वाचं. हातमोजे आणि गाळणकागदाला तर अजून पर्याय नाही.

प्रयोगशाळेतला गोळा आता क्वचितच दिसतो. माझं लक्ष सध्या गावाकडे आहे. जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या महिलांना तपासणी किट दिलं गेलं आणि त्यातल्या एच-टू-एस कुपीने त्या स्वतः पाणी तपासू लागल्या. ही तपासणी आपल्याच देशातली. मांजा, मौर्य आणि राव या ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ती 1982 मध्ये मांडली. कुपीत पाणी भरून उबेला ठेवायचं, काळं पडलं की पाणी संशयास्पद. मला ही तपासणी फार मोलाची वाटते, कारण अहवाल हातात येण्याआधी गावातल्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. पण आमच्या भागात येणारी कुपी प्लास्टिकची आणि एकदाच वापरायची असते. काळी पडलेली कुपी कुठे टाकायची हे नीट सांगितलेलं नसेल, तर ती उकिरड्यावर जाते, आत जंतू असतानाच.

त्यावर आम्ही एक साधी रीत बसवत आहोत. निकाल वहीत लिहून झाला की जलसुरक्षकाने कुपीत टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, द्रावण भरायचं, झाकण लावायचं, रिकाम्या डब्यात साठवायची आणि पुढचे नमुने आणताना डबा आमच्याकडे द्यायचा. काही गावं हे नियमाने करतात. एका गावच्या ताईंनी डब्यावर तारीख आणि स्रोताचं नाव लिहिण्याची भर स्वतःहून घातली, त्यामुळे कुठला हातपंप वारंवार काळा येतो हे डबा उघडताच कळतं. तोच डबा नमुना म्हणून दाखवत मी पुढच्या किटच्या मागणीत काचेची कुपी मागितली आहे. सोबत कंत्राटी मावशींचं पद कायम करण्याची टिपणीही जोडली आहे, कारण त्या कुप्या धुवायला कोणीतरी लागणारच.